निळ्या फुलांचा जोड

(दालार्ना, स्वीडन. लग्नाची सकाळ. आल्मा परगावची नवरी, लग्नाआधीच या घरी राहायला आलेली. गोलिन तिची होणारी सासू, नवऱ्या मुलाची, हाल्वरची आई.)

आल्मा : हाल्वरला सांगा काकू, उघड्या हातांनीच चर्चमध्ये जा म्हणावं.

गोलिन : वा गं वा! बायकोनं केलेले हातमोजे नाहीत नवऱ्याच्या हातात? सगळं खोरं म्हणेल, सून रिकामी आली.

आल्मा : एकच झालाय, काय करू? दुसऱ्याला हात घालायच्या आधीच नखुरडं झालं. चामड्यातून सुई ओढायची म्हणजे... बघा, बोट अजून वाकत नाही. त्यात तो कोरा मोजाही सापडत नाहीये.

गोलिन : हा घे.

आल्मा : अगंबाई! फुलं भरलीत? कुणी?

गोलिन : मांजरानं.

आल्मा : तुम्ही? पण तुमच्या फुलांचे देठ कसे सरळसोट असतात. हे तर माझ्यासारखे वाकडे!

गोलिन : मुद्दाम वाकडं भरणं सोपं नसतं, बाई. तू दूध काढायला गेलीस की तुझा मोजा बघून घ्यायचे. डोळे फुटायची वेळ आली.

आल्मा : आणि निळी! काकू, इकडे निळं दुखवट्यात घालतात ना? तुमच्या शेजारणीनं सांगितलं तेव्हा माझा भरून झाला होता.

गोलिन : सांगताना हसली असेल भवानी.

आल्मा : मग माझा उसवून लाल का नाही केलात?

गोलिन : चामडं आहे ते. टाका काढला तरी भोक राहतं.

आल्मा : तुमच्या पेटीत लाल गुलाबांचे जोड आहेत की. त्यातला दिला असता तर कुणी बोट ठेवलं नसतं.

गोलिन : तो आईनं केलेला झाला. आज बायकोचाच घालायचा. तुझी फुलं निळी, तर निळी.

आल्मा : आमच्या गावी नवऱ्याला निळीच भरतात. आई लवकर गेली, एवढंच शिकवून. तुम्ही तिचीच फुलं... काकू, माझ्यासाठी इतकं कुणीच केलं नव्हतं हो. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

गोलिन : रडायचं तर तोंड तिकडे कर. चामडं भिजलं की कडक होतं.

आल्मा : चर्चच्या दारात बायका विचारतील. लग्नात दुखवट्याचा रंग कसा, म्हणून. काय सांगू?

गोलिन : माझ्याकडे पाठव. मी सांगेन, आमच्या घरात अशीच भरतात.