हवेतली जागा

(सभेआधी, मैदानामागच्या खोलीत. उघड्या दारातून मंच आणि समोरच्या खुर्च्या दिसताहेत. आईला जन्मापासून ऐकू येत नाही. दोघी हातांनी बोलताहेत.)

दुभाषी : तसं नाही काकू, साहेबांचं सगळंच भाषण मी दाखवणार आहे. तुमच्या मुलाचं तेवढं आधी सांगून ठेवते. चारचौघांत एकदम समोर आलं, की धक्का बसतो.

आई : बसायचा तो बसला. दाखव.

दुभाषी : ‘या मातेने आपला पुत्र हसत हसत देशाला दिला.’

आई : तुझा हात माझ्यापासून निघाला आणि साहेबांच्या खुर्चीकडे गेला.

दुभाषी : ‘दिला’ म्हणताना हात कुणाकडून तरी निघतोच ना. तोंडाने बोलणाऱ्यांचं बरं असतं, त्यांना दाखवावं लागत नाही.

आई : मी कुठे दिला? मी डबा दिला, मोजे दिले. आणि हसत कसली? नाक गळत होतं माझं. तोच म्हणाला, पूस, लोक बघतायत. पुढे?

दुभाषी : ‘शत्रूच्या उरात धडकी भरवून तो अमर झाला.’

आई : ट्रकात झोपला होता गं. वरून बॉम्ब पडला. त्याच्या मित्राला आपली भाषा येत नाही, तरी बिचाऱ्याने वेडेवाकडे हात करून सांगितलं मला. झोपेतसुद्धा तोंड उघडं असायचं त्याचं. तो कुणाला भिववणार?

दुभाषी : काकू, बोलतील तेच मला दाखवावं लागतं. नोकरीचं सोडा, पण समोर तुमच्यासारखे ऐकू न येणारे आणखीही बसलेत. मीच बदललं तर त्यांनी विश्वास कुणावर ठेवायचा?

आई : बदलू नकोस. तुझ्या पोटावर पाय आणायला नाही आले मी.

दुभाषी : देवाला तरी खरं माहीत आहे.

आई : त्याच्याशीही बोलणं होत नाही हल्ली. हात जोडले की बोलायला उरतात कुठे? ते जाऊ दे. इथे नसलेल्या माणसाला आपण हवेत एक जागा देतो, मग दर वेळी तिकडे बोट करतो. त्याला कुठे ठेवणार आहेस?

दुभाषी : साहेबांच्या उजवीकडे, झेंड्यापाशी. सगळ्यांना दिसतं.

आई : तिथे त्याचं कोण आहे? माझ्या शेजारी ठेव. मी खुर्ची धरून ठेवते, पिशवी ठेवून.

दुभाषी : जागा काही भाषणात लिहिलेली नसते. ती मीच ठरवते.

आई : मग?

दुभाषी : ठेवते. पण काकू, मग ‘देशाला दिला’ आलं की हात त्या खुर्चीवरूनच निघेल. तुमच्या डोळ्यांसमोर त्याला तिथून उचलावं लागेल मला.

आई : उचल. फक्त सावकाश ने. मागच्या वेळी फार घाईत नेला.