अण्णांच्या फोनचं कुलूप

मी पावसचा, आंब्याच्या बागेतलाच जन्म माझा, हुशार दादा मुंबईला गेला आणि घरी उरला तो मी. काय सांगू तुम्हाला, आमच्या वडिलांचा, अण्णांचा, माझ्यावर विश्वास होता, पण बागेपुरता, फोनपुरता नाही. मुंबईला फोन लावायचा तर एसटीडीला कुलूप, चार आकडी नंबराचं, आणि नंबर एकट्या अण्णांना ठाऊक. दाबताना पंचा आडवा धरायचे, जसा काही मी बाग विकून फोनवर बोलणार होतो.

अण्णांचं हृदय नाजूक झालं तेव्हा दादानं मुंबईहून एक डबी आणली. ती छातीला लावायची, रिसीव्हर तिच्याशी धरायचा, ती कुंई कुंई करायची आणि तिकडे मुंबईच्या डॉक्टरांपुढे छातीचा आलेख निघायचा, मग कुठली गोळी द्यायची ते सांगायचे. मी गावभर मिरवायचो, आमच्या अण्णांचं हृदय मुंबईशी बोलतं हो.

ऐन आंब्यात, भर दुपारी, अण्णा पडवीत कोसळले. तोंड वाकडं, वाचा गेली. दवाखान्यात न्यायचं तर टेम्पो आंब्याच्या पेट्या घेऊन गेलेला. डबी लावली, गोळ्या समोर, आणि फोनला कुलूप. अण्णा, नंबर काय हो, नंबर? मी पळत सुटलो नाक्यावरच्या बूथवर, तिथून दादाला फोनवर सांगितलं. दादा म्हणाला, तू घरी जा, डॉक्टरच तिकडे फोन करतील, येणाऱ्या फोनला कुलूप नसतं.

घरी येतो तर काय, बायको आणि आत्या फोनला चिकटलेल्या. जन्मसाल दाबून झालं, लग्नाचं साल झालं, आजोबांची तिथीसुद्धा झाली. अण्णा डावा पंजा उचलून उचलून दाखवत होते, आणि आत्या ओरडत होती, पाच म्हणतोय गो, पाचच दाब! पाच, पाच, पाच, पाच.

अहो, ते ठेवा म्हणत होते, फोन खाली ठेवा.

मी रिसीव्हर हिसकावून ठेवला, तोवर पंजा खाली पडला होता. आत्यानं हंबरडा फोडला आणि त्यातच घंटी वाजली. डॉक्टरांकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, किती वेळ तुमचा फोन एंगेज लागतोय, आता डबी छातीला लावा.

तो नंबर काय होता, अजून ठाऊक नाही.

आता खिशात मोबाइल असतो. मुलगा म्हणतो, बाबा, लॉक टाका, कोणीही उचलून बोलेल. बोलू दे रे. तुमच्याही घरचा फोन असाच मोकळा राहो, एवढंच.