दगूभाऊंची पाकिटं

मंडळी, कामाचा दिवस असूनही एवढे जण आलात. पाळी बदलून आलेलेही दिसताहेत. दगूभाऊंबद्दल चार शब्द बोला म्हणून मला उभं केलंय. मी आयुष्यभर तुम्हाला हसवलं, त्यामुळे आज जीभ जड झालीय असं म्हटलं तर कुणाला पटणार नाही. तरी ती झालीय.

दगूभाऊ आणि मी अंबडच्या एकाच कारखान्यात अठरा वर्षं काढली. ते फिटर, मी तपासनीस. दरवर्षी सक्तीची वैद्यकीय तपासणी व्हायची. रक्त द्या, लघवी द्या, सही करा. साहेब लोकांचे रिपोर्ट बंद पाकिटात यायचे. आपले? आपले उघडे. टाइम ऑफिसच्या खणात, हजेरीच्या कार्डाला टाचून. येणारा प्रत्येकजण आधी दुसऱ्याचा रिपोर्ट वाचायचा, मग स्वतःचा. मान खाली घालू नका, मीही वाचायचो. वर नावं ठेवायचो. साखर वाढलेल्या एकाला मी 'रसवंती' म्हणायचो. सगळे हसायचे. तोही हसायचा. दुसरं काय करणार?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका वर्षी दगूभाऊंच्या कागदावर लाल शाईत आलं, 'रक्त पुन्हा तपासावे.' एवढंच. टीव्हीवर तेव्हा एड्सच्या जाहिराती लागायच्या. कॅन्टीनमध्ये मी सगळ्यांदेखत विचारलं, "दगूभाऊ, मटेरियल आणायला मुंबईला जाता, तिथं मुक्काम कुठं असतो हो?"

हशा पिकला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यातला ठेचा जसाच्या तसा घरी जायला लागला. पूर्वी तो त्यांच्याच वाट्याला यायचा नाही. पाण्याचा पेलाही कुणीतरी वेगळा ठेवला.

मी शहाणपणा करायला गेलो. "काय असेल ते सांगून टाका. लोक गप्प बसतील."

"नाना, आज हे सांगितलं तर उद्या दुसरं इचारतील. माझं रगत हाय, माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

पुढच्या वर्षी त्यांनी तपासणीला हातच पुढे केला नाही. "आधी पाकीट, मग सुई." पर्सोनेलचे साहेब म्हणाले, "एवढ्या लोकांना पाकिटं कुठून आणू?" दगूभाऊ म्हणाले, "पगाराची स्लिप पाकिटात घालता ना साहेब? मग रगत उघडं का?"

उत्तर म्हणून त्यांची बदली भंगार यार्डात झाली. फिटरचा तो हात वर्षभर पत्र्याचे तुकडे निवडत राहिला. आपण सह्यांचं एक निवेदन तरी दिलं का? नाही. आपण कार्ड पंच केलं.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी ते पिशवी घेऊन टाइम ऑफिसात आले. त्यांनी आणि वहिनींनी जुन्या कॅलेंडरची पानं कापून, खळ लावून पाकिटं केली होती. अख्ख्या डिपार्टमेंटची. प्रत्येकावर नाव. माझंसुद्धा. "घ्या साहेब, आता आणायची गरज नाय." साहेबांना नाही म्हणायला जागा उरली नाही.

त्या वर्षी माझा रिपोर्ट वाईट आला. काय आलं ते सांगणार नाही. पाकीट खिशात घातलं. दिवसभर माझ्यावर कुणीही विनोद केला नाही.

जेवणाच्या सुट्टीत यार्डात गेलो. माफी मागायची होती. दगूभाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बरं हाय ना नाना?" म्हटलं, "बरं आहे." पुढे त्यांनी काही विचारलं नाही, आणि मी कांद्याच्या भावावर बोलून परत आलो. ती माफी आज मागतोय. ऐकायला ते नाहीत, तेव्हा तुम्ही ऐका.

शेवटचं. या हॉलमध्ये आल्यापासून तिघांनी मला कानाशी लागून विचारलं, "गेले कशानं?"

मला माहीत नाही. वहिनींना माहीत आहे. त्या इथं पुढे बसल्यात. त्यांना जरूर भेटा. जेवलात का विचारा, मुलीच्या परीक्षेचं विचारा. तेवढं एक विचारू नका.

आता उभे राहू या. दोन मिनिटं गप्प. आणि या एका बाबतीत, दोन मिनिटं संपल्यावरही गप्प.

दगूभाऊ, रामराम.