चौथऱ्यावरचा कुकर

…आणि वर मलाच म्हणतो, "आजोबा, हात लावू नका!" मला! अहो, ज्या कुकरचा भात मी सतरा वर्षं खाल्ला, ज्याची वायर मी दोनदा बदलली, त्याला मी हात लावायचा नाही? मग काय शेजाऱ्यांनी लावायचा?

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा ग्वाक पिल-सू म्हातारपणी कुकरसाठी गळा काढतोय. तर आमचं घर बदलायचं ठरलं. आता नव्या घरात सगळ्यात आधी काय जातं? भाताचा कुकर! कपाट नाही, टीव्ही नाही, बायकोसुद्धा नाही! आधी कुकर, मग माणसं, म्हणजे घरात अन्नाला तोटा नाही. आणि आमच्याकडे तो आत नेतो कोण? मी! चार घरं झाली, चारही वेळा तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून नेलाय… आणि पाचव्या वेळी ट्रक दारात उभा, आणि कुकर गायब!

"येदामची आई, कुकर कुठाय?" तर ही तोंड फिरवून किमचीचे डबे मोजायला लागली. म्हणे, "तुमच्या लेकीला विचारा."

लेक आमची, येदाम, शिल्पकार. म्हणजे दगड फोडते असं समजू नका हं! दुकानातल्या धडधाकट वस्तू आणते आणि त्या कामातून घालवते. गेल्या वर्षी तिनं न्हाणीघरातल्या चाळीस चपला एका व्हॅक्यूम क्लीनरला शिवल्या. तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या… चपला दुसऱ्याच्या होत्या ना!

फोन केला. "बाबा, तो गॅलरीत आहे. काय गोड दिसतोय म्हणून सांगू!" ट्रक तसाच सोडून मी टॅक्सीनं गेलो. बघतो तर काय, पांढरा चौथरा, त्यावर माझा कुकर, त्याच्या पोटातून किमची कालवायचे चार लाल हातमोजे बाहेर आलेले, एका हातमोज्यात आमचीच भातवाढी, डोक्यावर कपडे वाळत घालायचा स्टँड पंख पसरून बसलेला! आणि खाली पाटी. काय लिहिलं असेल? "बाबा." मी असा दिसतो? तुम्हीच सांगा, असा दिसतो मी?

एवढ्यात कुकरनं फुस्सकन वाफ सोडली आणि त्याच्यातली रेकॉर्ड केलेली बाई बोलली, "भात तयार झाला आहे. कृपया हलवून घ्या."

तुम्हाला सांगतो, सतरा वर्षं ती बाई बोलली की मी असेन तिथून उठतो. भात लावते ही, पण हलवायचं काम माझं! लगेच नाही हलवला तर गोळा होतो हो… पाय आपोआप निघाले, दोरी ओलांडली, भातवाढी घेतली, झाकण उघडलं… आत भात नाही! रिमोट! टीव्हीचे सात रिमोट! त्यातला एक मी गेल्या चुसोकच्या सणापासून शोधतोय, सोफा उलटा केला, बायकोशी भांडलो!

भोंगा वाजला, राखणदार धावला, "आजोबा, हात लावू नका!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

येदाम आली, डोळे चमकतायत. "बाबा, कमाल! रोज तीनला याल हलवायला?"

"हलवायला? अगं, तिकडे घर खोळंबलंय! कुकरशिवाय आत पाऊल कसं टाकायचं?"

तर खाली मान घालून म्हणते, "आईनं नवा घेतलाय. सकाळी आठलाच आम्ही दोघी जाऊन आत ठेवून आलो."

दोघी! ट्रक यायच्या आधी! मी तेव्हा जुन्या घरात खोक्यांवर चिकटपट्ट्या लावत होतो!

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर दिला असता?"

"मुळीच नाही!"

"म्हणून तर नाही विचारलं."

खरं सांगू? लागलं मला. कुकर गेला त्याचं एवढं नाही. पण त्या घरात मी खोक्यांच्या मागून शिरलो, रिकाम्या हातानं, पाहुण्यासारखा. घरच्या दोघी असं करतील हे मनातसुद्धा आलं नव्हतं हो.

आता रोज तीनला जातो. काय करणार, पोरगी आहे. राखणदार वाकून म्हणतो, "या आजोबा," मी सात रिमोट हलवतो, लोक फोटो काढतात, घरी येतो. परवा असाच येऊन टेकलो, तर स्वयंपाकघरात नवा कुकर बोलला, "भात तयार झाला आहे…" उठलो! भातवाढी घेतली, झाकणाशी पोचलो, आणि मागून ही केवढ्यांदा ओरडली, "अहो, हात लावू नका! नवा आहे!"

बसलो परत. म्हटलं, असू दे… उद्या तीनला हलवीन.