लाल पट्टीची फाईल

— नाहीच ना घ्यायचा हा चमचा? बरं, ठेवते बाजूला. पण आजी, चार दिवस झाले, पाण्याच्या घोटापलीकडे पोटात काही नाही, आणि माझ्याशी तर एक शब्द नाही. इतरांशी बोलता हो तुम्ही — झाडणाऱ्या मावशींना काल पंखा कमी करायला सांगितलात, म्हणजे आवाज शाबूत आहे, अबोला फक्त माझ्याशी. असू दे. हक्क आहे तुमचा. खोकला येतोय? थांबा, ही उशी छातीशी धरा, घट्ट — हां, अशी. दोन बरगड्या मोडल्यात, दुखणारच. कुणी मोडल्या? मीच. माझ्या तळहाताखाली कट्‌कन वाजलं, आणि आता घरी लेकीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं तरी मी दचकते.

मी सगळ्यांना सांगितलंय, चूक झाली म्हणून. मेट्रनबाईंना लेखी दिलंय. तुम्हालाही एकदा नीट सांगते, मग रागवा. तुम्ही खिडकीजवळ, चार नंबरला. दुपारचं ऊन तुमच्या डोळ्यांवर यायचं. पाच नंबरच्या शिवणवाल्या बाईंना सुईत दोरा ओवायला उजेड हवा होता. म्हणून मी तुम्हा दोघींची अदलाबदल केली — एवढ्यासाठी कोण ऑफिसात विचारायला जातं? फायली मात्र पलंगाच्या पायथ्याशी, हुकाला. तुमच्या फाईलवर लाल पट्टी. लाल पट्टी म्हणजे काय ते मी तुम्हाला काय सांगणार — तुम्हीच सही केलीत, खाली दोन डॉक्टरांच्या सह्या — हृदय थांबलं तर परत आणायचा खटाटोप करू नका, छाती दाबू नका. आजोबांना दोनदा परत आणलं आणि पाच आठवडे नळ्यांवर ठेवलं, ते बघून तुम्ही ठरवलंत. मी दारातून एकदाच जाणार, फेऱ्या मारणार नाही, असं म्हणालात. मला तेव्हा हसूच आलं होतं. तर झालं असं, की माणसं बदलली आणि फायली राहिल्या जागच्या जागी. सव्वाचारला तुमचं हृदय थांबलं तेव्हा तुम्ही पाच नंबरवर होतात, आणि हुकाला त्या बाईंची साधी फाईल. डॉक्टर त्याच दिवशी रुजू झालेला, त्यानं फाईल बघितली, चला म्हणाला, आम्ही दाबलं. पत्ता चुकला, आजी, म्हणून परत आलात. तुमच्या पोस्टातल्यासारखं. तुम्हीच सांगायचात ना — पत्ता चुकला की पत्राची वरात माघारी. हसा की थोडं.

असं बघू नका.

असं बघू नका माझ्याकडे — खरंच सांगतेय — अदलाबदल केली तेव्हा तुम्हीच तर म्हणालात, घाईबाई, आधी फायली बदल, नाहीतर हिच्या साखरेच्या गोळ्या माझ्या घशात घालशील. मी म्हटलं, बदलते हो. आणि मी —

बदलल्या. तुमच्यासमोर बदलल्या. तुम्ही चष्मा लावलात, लाल पट्टी बघितलीत, मान हलवलीत. तीस वर्षं पत्ते वाचलेल्या बाईला मी पत्ता चुकल्याचं सांगतेय. चार दिवस तुम्ही म्हणून गप्प आहात होय? मी काय-काय सांगते ते ऐकत होतात? ही कधी खरं बोलते, ते बघत होतात?

मग ऐका. मी शेजारीच होते, ब्लडप्रेशरचं यंत्र गुंडाळत होते. तुमचा हात पलंगाखाली लोंबला. मी मानेला बोटं लावली, ठोका नाही. हाक मारली — ट्रॉली आणा, डॉक्टरांना बोलवा. पायानं स्टूल ओढलं. मी ठेंगणी, स्टुलाशिवाय माझा जोर पोचत नाही. आणि समोर हुकाला लाल पट्टी. दिसली का? दिसली. वाचली का? वाचायची काय गरज, मीच चिकटवलेली. माझे हात आपोआप चालले असं सांगितलं असतं तर तुम्ही कदाचित मानलंही असतं. पण ते खोटं. शिवणवाल्या बाई एक्स-रेला गेलेल्या, आसपास कुणी नाही. मी तुमची फाईल काढली, चार नंबरच्या हुकाला लावली. त्यांची इकडे आणून लावली. मग स्टुलावर चढले. पाच-सहा सेकंद लागले असतील. मरणाच्या दारात पाच-सहा सेकंद फार असतात, आजी. तेवढ्यात माणूस चांगला विचार करू शकतो.

केला की मी विचार. कशाचा? तुमचा नाही. तुमच्या मुलाचाही नाही — त्यानं माझे दोन्ही हात धरले, सिस्टर, उपकार झाले म्हणाला, आणि मी धरू दिले. अकरा वर्षं झाली मला या कामात. अकरा वर्षांत माझ्या हाताखालून एक माणूस परत आलं नाही. माझ्याबरोबर लागलेल्या सिस्टरच्या हातून तिघं आले. त्यातला एक तिला पाहिलं की रस्ता ओलांडून येतो, घरच्यांची ख्यालीखुशाली सांगतो. आणि मला माझ्यामागे काय म्हणतात ठाऊक आहे? पांढरी चादर. ती आली की चादर ओढायची वेळ झाली. थट्टाच ती, मीही हसते. त्याच आठवड्यात तो रंगारी गेला, शिडीवरून पडलेला, नखांत अजून निळा रंग होता. चाळीस मिनिटं दाबलं. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, पुरे. मी थांबेना. शेवटी त्याच्या आईनं माझं मनगट धरलं — बाई, त्याला लागत असेल. कुणाची आई मला थांबवते बघा.

त्यानंतर तुम्ही. एकदा तरी, म्हटलं. एकदा तरी कुणीतरी यावं. तीस दाबा, दोन वेळा फुग्यानं हवा, परत तीस. बरगडी वाजली तरी थांबले नाही. आणि तुम्ही आलात. अख्ख्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. नव्या डॉक्टरनं स्वतःचा चहा मला दिला. मी चादरींच्या खोलीत जाऊन आनंदानं रडले. आणि संध्याकाळी तुम्ही डोळे उघडून विचारलंत, कुणी? एवढंच. मी पुढे होऊन म्हटलं, मी, आजी. ताठ मानेनं म्हटलं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. अकरा वर्षांत एक जण आलं, तेही जायला निघालेलं, सामान बांधून.

मी आज मेट्रनबाईंना खरं लिहून देणार आहे. नोकरी जाईल. जाऊ दे — नाही, जाऊ दे असं सहज म्हणवत नाही, घर त्याच्यावर चालतं. पण देणार. आणि ही बघा तुमची फाईल, नवी लाल पट्टी लावलीय, दोन्ही बाजूंनी. आता मी हात लावणार नाही. शपथ घेऊ? माझ्या शपथेवर तुम्ही कशा विश्वास —

काय म्हणालात? बोललात तुम्ही. परत सांगा, कान जवळ आणते. हात? दोन्ही द्यायचे? हे घ्या. अहो, किती गार तुमची बोटं — थांबा, पांघरूण आणते — सोडायचे नाहीत? बरं, नाही सोडत. केवढी घट्ट पकड ही. शिक्के मारलेले हात, काय सांगावं. माझ्यावर भरवसा नाही, म्हणून धरून ठेवलेत ना? चांगलं केलंत.

आजी, श्वास घ्या. ओठ असे का — घ्या श्वास, सावकाश. माझ्याकडे बघा.

आजी?

मानेला बोटं लावून बघायला हवं. कशी लावू, हात तर तुमच्याकडे आहेत. उशाशी लावलेलं ठोक्यांचं यंत्र ओरडतंय. ओरडू दे. स्टूल इथेच आहे, पायाला लागतंय माझ्या.

— थांबा. पळू नका कुणी. ट्रॉली मागे न्या. हो डॉक्टर, मला कळतंय काय होतंय ते. नाही, माझे हात मोकळे नाहीत. फाईल वाचा. त्यांचीच आहे, त्यांच्याच पलंगावर आहे, मीच लावलीय. ते स्टूल तेवढं न्या इथून.

आणि पडदा ओढा.