फॅनचा आवाज घालवा

न्हाय न्हाय दादा, नवीन नको, हाय तेच कॉम्प्युटर नीट करा — फॅन बदलायला लागला तर बदला, पर आवाज तेवढा घालवा. खोला की, मी थांबते. पावतीवर नाव? सुप्रिया लिवा, गाव सणसर. आमच्या मालकाचं नको. — व्हय, आमाला बारामती जवळ हाय, दुकानं बी तितं लई, पर सगळी ओळखीची. म्हनून हितं भिगवणला आले, हे धूड चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. ... बया, केवढी घाण! ही राख बगा — शेजारी उसाचं पाचट पेटवत्यात, काळी राख घरभर उडती, मी दिसभर फडकं मारती, आन ही हितं जाऊन बसली! वारा जायचा कुठनं? मंग तापनारच की. वरनं हात लावला तर तव्यागत लागायचं, आन चालू असताना आपसूक बंद पडायचं.

कोन वापरतं म्हंजे — आमचे मालक. लग्नाचे अल्बम लावत्यात, फोटो कापायचे, मागं फुलं-बिलं टाकायची. ते आपलं घरी आल्यावर. नोकरी लोणी देवकरला, कंपनीत. आता फोर्कलिफ्टवर हायती, माल उचलायची गाडी ती, पर आधी लई वर्सं प्रेसवर काढली — पत्रा ठोकायचं मशीन वो, धाड धाड, कान फाटत्यात नुसतं. कानात घालायला बोळे देत्यात म्हनं, घालतंय कोन.

एक इचारू का दादा? खरं सांगा पर. हे आता चालू केलं तवा कसं वरडत व्हतं — त्याच्याजवळ हातभर अंतरावर मानूस बसलाय, आन त्याला ते ऐकूच येत न्हाय, असं व्हतंय का? कामात ध्यान असलं म्हनून? सवय झाली म्हनून? ... न्हाय व्हत. रस्त्यापातूर ऐकू गेलं, व्हय. चहावाला बी वळून बगत व्हता, मी पाह्यलं की.

मी अंगनात भांडी घासत व्हते त्या दिशी. आतनं असा आवाज — मला वाटलं, पान्याची मोटर कोरडी चालली. पळत गेले, तर हे कॉम्प्युटर. आन मालक म्होरं बसल्यात, खाली मान घालून, नवरीचा फोटो सरकवत्यात हिकडं तिकडं, अगदी निवांत. मी म्हनलं, अवो, बंद करा, जळंल ते. काय न्हाय. पाठीशी जाऊन म्हनलं. काय न्हाय. मंग मी त्यांना नावानं हाक मारली, दादा. लगीन झाल्यापासनं कधी नाव घेतलं न्हाय तोंडावर — नागेश, म्हनलं. मोठ्यांदा. मान सुदिक हालली न्हाय. तवर ते तापून बंद पडलं, पडदा काळा झाला, तवा वळले, मला बघून दचकले, आन म्हनत्यात — लाईट गेली का? वर पंखा फिरतोय, आन लाईट गेली का!

तितंच खाली बसले मी. कारन त्याच्या आधीच ते झालं व्हतं ना, कंपनीत... बिरदेवचं. ऐकलं असंल तुमी, पेपरला आलं व्हतं. तितंच कामाला व्हता, गेला आमच्या ह्यांच्याच गाडीखाली. रिव्हर्स घेताना. कंपनी म्हनती, त्यो मोबाईल बघत मागनं चालला व्हता, त्याचीच चूक. साहेबांनी ह्यांना इचारलं, त्यानं आवाज दिला का? हे म्हनले — न्हाय. बिरदेव वरडलाच न्हाय. खोटं न्हाय बोलले, दादा. ह्यांना तसंच वाटतंय. ते मानत्यातच न्हाय कानाचं. मी इशय काढला की अंगावर येत्यात, म्हनत्यात, तूच हळू बोलती.

त्याची बायको, विजयमाला, रविवारी येनार हाय घरी. सासऱ्याला घिऊन. भांडायला न्हाय वो, तिनं निरोप धाडलाय — एकच इचारायचं हाय म्हनती. शेवटाला त्यो वरडला व्हता का, कुनाला हाक मारली व्हती का. तेवढंच तिला पायजे. आन बसायला आमची एकच खोली, तितंच हे कॉम्प्युटर. मालक ते बंद ठेवायचे न्हाईत, कुनाच्या तरी लग्नाचा अल्बम द्यायचा हाय. ती बसली असताना कॉम्प्युटर असं वरडायला लागलं, आन मालक तसेच निवांत बसले, तर — बाईला कळायला काय येळ लागतो? मला कळलं तसं तिला कळंल.

लावलं का? करा चालू. ... चालू हाय? फॅन फिरतोय व्हय, दिसतोय. कायच ऐकू येत न्हाय.

असंच असंल त्यांना. सगळं फिरताना दिसतंय, आन...

ती इचारंल तवा मी चहा ठिवायच्या निमतानं आत जानार हाय. काय सांगत्यात ते मला ऐकायचं न्हाय.

काय म्हनला? ... व्हय. अजून चालवत्यात. चौकशी संपली, सोमवारपासनं परत गाडीवर घेतलंय. शिफ्टला जात्यात, येत्यात. डबा मीच देती.

असं बघू नका माझ्याकडं. बांधा ते चादरीत. एसटी जाईल माझी.