वाऱ्याकडे पाठ करून

मी मूळचा मिरजेचा, वडील कंपाउंडर, त्यामुळे पोरगा सर्जन होणार म्हणजे होणारच असं घरात ठरलेलं, आणि ऐंशी-एक्याऐंशीला एडिनबराला आलो तो त्यासाठीच. काय सांगू तुम्हाला, पाच वर्षं रजिस्ट्रारच, म्हणजे मोठ्या सर्जनच्या हाताखालचा, राहिलो. वरची पोस्ट हवी तर बॉसचा रेफरन्स हवा, आणि बॉसला वेड एकच, हरणांच्या शिकारीचं.

म्हणून शनिवारी त्याच्याबरोबर डोंगरात. हरणांचं सगळं हवेवर असतं बघा. उत्तरेचा वारा सुटला की ती दक्षिणेच्या उताराला येऊन बसतात, धो धो पावसात आडोसा सोडत नाहीत, आणि वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे गेला की संपलं, लांबून वास घेतात. म्हणून शिकारी वारा तोंडावर घेतो. मला उलटं उभं करायचे, पलीकडे, वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे माझा वास लागून कळप उठेल आणि बंदुकांपुढे जाईल. माणसाचा कुठलाही वास चालतो हो, पण बॉस म्हणायचा, तुझ्या करीपुढे हाक्याची कुत्री झक मारतात, आणि सगळे हसायचे, आणि मीही हसायचो, सगळ्यांत मोठ्याने मीच. एकदा मी न जेवता गेलो तर चिडला, म्हणाला, जेवून येत जा. घरी आमच्या हिला, सुलभाला, तेवढंच सांगितलं, बॉस म्हणतो जेवून या. ती खूश. आमटीत हिंग दुप्पट.

पाचव्या हिवाळ्यात बर्फ असा पडला की भुकेने माद्या खाली, रस्त्याच्या कुंपणापाशी आल्या. मी ठरल्या जागी उभा. त्यांना वास लागला, माना वर केल्या, माझ्याकडे बघितलं, आणि हलल्याच नाहीत. पळायचं त्राणच नव्हतं, बरगड्या मोजून घ्याव्यात. मी हात हलवले, म्हटलं, जा गं बायांनो, जा. मराठीतच म्हटलं. सहा पाडल्या बॉसने, उभ्याच्या उभ्या. वर मला म्हणाला, आज तुझी गरजच नव्हती.

पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू. रेफरन्स मला नंतर पॅनेलवरच्या एकाने दाखवला. माझ्या हातांबद्दल, ऑपरेशनांबद्दल एक अक्षर नाही. लिहिलं होतं, स्वभावाने गोड, कसल्याही हवेत तक्रार न करता उभा राहतो. पोस्ट दुसऱ्याला गेली.

आता लीड्सला हर्निया करतो, दुसऱ्याच्या हाताखाली. कन्सल्टंट, म्हणजे स्वतःच्या नावाचा सर्जन, काही झालो नाही, आता होणारही नाही. ही अजून म्हणते, देवमाणूस हो तुमचा बॉस, आणि मी तिला काही सांगत नाही. माझीही काही तक्रार नाही. देव त्याला उदंड आयुष्य देवो. पुढचा जन्म तेवढा हरणीचा देवो, आणि त्या वर्षी बर्फ भरपूर पडो.